चिरकालाचे इंग्रजी शब्द



इंग्रजी शिकणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्याला पुष्कळ काळ टिकणाऱ्या गोष्टीसाठी एखादा शब्द विचारला, तर तो बहुधा ‘पर्मनंट’ असे सांगून मोकळा होतो. आणखी एक विचारला तर ‘एव्हरलास्टिंग’ म्हणतो, आणि फारच अभ्यासू असला तर ‘इटर्नल’ म्हणून दाखवितो. परीक्षेसाठी निघणाऱ्या मार्गदर्शिकांत हे सारे शब्द एकाच ओळीत, मध्ये स्वल्पविराम घालून, समानार्थी म्हणून छापलेले असतात. ती ओळ पाठ करणाऱ्याच्या मनात साहजिकच असा समज दृढ होतो की, ह्यांतला कोणताही शब्द कोठेही बसविला तरी चालेल. मग एक मुलगा आपल्या नव्या चपलांना ‘इटर्नल’ म्हणतो आणि दुसरा आपल्या आजोबांच्या दम्याला ‘पेरेनियल’ हे विशेषण लावतो. अशा वाक्यांत व्याकरणाची एकही चूक दाखविता येत नाही, आणि तरीही ती वाक्ये चुकलेलीच असतात. तपासणाऱ्या शिक्षकाची तांबडी पेन्सिल अशा ठिकाणी घुटमळते.

वास्तविक हे शब्द एकमेकांचे जुळे भाऊ नव्हेत. टिकणे म्हणजे नेमके काय, ह्याविषयी प्रत्येकाची कल्पना निराळी आहे, आणि ती कल्पना त्या शब्दाच्या मुळाशी अजूनही शाबूत आहे. ते मूळ एकदा दिसले की कोणता शब्द कोठे वापरावा हे पाठ करावे लागत नाही. आज ह्यांपैकी काही शब्दांची अशी मुळे आपण उकरून पाहणार आहोत. त्यांतली काही थेट आपल्या अंगणापर्यंत येऊन पोचलेली आढळतील.

प्रथम अगदी घरगुती शब्द घेऊ. टिकणे ह्या अर्थी इंग्रजांचा रोजच्या बोलण्यातला शब्द ‘लास्ट’ हा होय. तो लॅटिनमधून आलेला नाही. तो जुन्या इंग्रजीचा स्वतःचा आहे. त्या भाषेत ‘लास्त’ म्हणजे पावलाचा ठसा, माग. आपल्याकडे चोराचा माग काढतात, तोच हा माग. त्यावरून जे क्रियापद झाले त्याचा अर्थ प्रथम मागोमाग जाणे, मग हाती घेतलेले काम पार पाडणे, आणि शेवटी चालू राहणे, टिकणे असा होत गेला. म्हणजे ह्या शब्दाच्या दृष्टीने टिकते ते कोण? तर ज्याने वाट सोडली नाही ते. चांभार जोडा शिवताना पायाच्या आकाराचा जो लाकडी साचा वापरतो त्यालाही इंग्रजीत ‘लास्ट’ असेच म्हणतात, आणि ते नाव त्याच पावलाच्या ठशावरून आलेले आहे. मात्र ‘शेवटचा’ ह्या अर्थाचा जो दुसरा ‘लास्ट’ आहे, तो ‘लेट’ म्हणजे उशिराचा ह्या शब्दाचे झिजलेले रूप आहे. सर्वांत उशिराचा तो शेवटचा. दोहोंचा रक्ताचा संबंध काडीमात्र नाही. एका शब्दाचा अर्थ चालू राहणे, दुसऱ्याचा संपणे, आणि अक्षरे व उच्चार तंतोतंत सारखे! इंग्रजीला आपल्या घरातला हा विसंवाद कित्येक शतके खटकलेला नाही, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

‘ड्युरेबल’ हा शब्द निराळ्या प्रकृतीचा. लॅटिनमध्ये ‘दूरुस’ म्हणजे कठीण, आणि ‘दूरारे’ ह्या क्रियापदाला कठीण करणे आणि टिकणे असे दोन्ही अर्थ होते. जे कठीण ते टिकाऊ, हा व्यवहारी माणसाचा हिशेब त्यात आहे. म्हणूनच ‘ड्युरेबल’ हे विशेषण हातात धरता येणाऱ्या, वापरून झिजणाऱ्या वस्तूंना शोभते: कापडाला, जोड्याला, लोखंडी पेटीला. ‘ड्युरम’ नावाची गव्हाची जात आहे, तिचे नावही ह्याच ‘दूरुस’पासून आले. दाणा कठीण म्हणून ड्युरम. आपल्याकडचा बन्सी गहू ह्याच जातीचा, आणि माळव्याकडे व बुंदेलखंडात ज्याला कठिया म्हणतात तोही हाच.

त्याच कुळातले ‘एन्ड्युअर’ हे क्रियापद मला अधिक मोलाचे वाटते. मूळ अर्थ कठीण बनविणे. पण इंग्रजीत येईतो त्याला दोन फांद्या फुटल्या. एक टिकून राहणे, दुसरी सोसणे. मराठीत आपण सोशिक म्हणतो तेव्हा त्या शब्दात सोसणे स्पष्ट असते आणि टिकणे ओझरते सुचविलेले असते. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात उघडउघड नांदतात. कपाटाला ‘ड्युरेबल’ म्हणता येईल, पण ‘एन्ड्युअरिंग’ म्हणायचे तर ते मैत्रीला, कीर्तीला, अथवा एखाद्या ग्रंथाला म्हटले पाहिजे. कारण त्याने काहीतरी सोसलेले असावे लागते. चप्पल पुष्कळ सोसते हे खरे, परंतु इंग्रजी भाषा तिला तेवढा मान देत नाही.

लाकूड आणि टिकणे ह्यांचे नातेही जुने आहे. इंग्रजीतील ‘ट्री’ म्हणजे झाड आणि ‘ट्रू’ म्हणजे खरा, विश्वासू, हे दोन शब्द एकाच धातूचे असून संस्कृतातील ‘दारु’ आणि ‘द्रुम’ त्याच गोतातले आहेत. काही भाषाशास्त्रज्ञ लॅटिन ‘दूरुस’लाही ह्याच पंक्तीस बसवितात, त्यावर सर्वांचे एकमत मात्र नाही. झाडासारखा भक्कम तो खरा, ही कल्पना ज्यांना सुचली ते लोक दगडाच्या नव्हे, तर लाकडाच्या घरात राहत असले पाहिजेत. आणि लाकूड टिकते हे आपल्या मुंबईने इंग्रजांना दाखवून दिले आहे. नेपोलियनबरोबरच्या युद्धांत इंग्लंडातील ओकचे लाकूड दुर्मिळ झाल्यावर मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी सागवानी युद्धनौका बांधून दिल्या. त्यांपैकी ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ मध्ये मुंबईत पाण्यावर उतरली. ती आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल येथे जतन केलेली असून, पाण्यावर तरंगत असलेली ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे. सागाला इंग्रज ‘टीक’ म्हणतो. हा शब्द त्याला पोर्तुगीज ‘तेका’वरून मिळाला आणि पोर्तुगिजांनी तो मलबार किनाऱ्यावर उचलला. लाकूड आपले, नावही आपलेच!

‘ड्युरेबल’ ह्या शब्दाला अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडे चांगलेच बांधून टाकले आहे. अमेरिकन सरकारच्या हिशेबात सरासरी तीन वर्षे टिकणारी वस्तू ‘ड्युरेबल’ समजली जाते. तीन वर्षे! आपल्या आजीने तांब्याचा हंडा विकत घेताना तीन वर्षांचा विचार केला असता असे वाटत नाही. पण वस्तू किती टिकावी हे कधीकधी तिचा निर्माताच ठरवितो. १९२४ मध्ये विजेचे दिवे बनविणाऱ्या युरोप-अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा एक गट स्थापून दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून बसविले. त्यापूर्वी ते त्याहून अधिक असे. उलट, कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर ह्या गावी अग्निशामक दलाच्या ठाण्यात १९०१ मध्ये लावलेला एक दिवा अजूनही मंदपणे जळतो आहे. त्या दिव्याला कोणते विशेषण द्यावे ह्याचा विचार श्रोत्यांनी करून पाहावा. मी स्वतः ‘लास्टिंग’ हा साधा शब्द देईन.

आता आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेल्या ‘पर्मनंट’कडे वळू. लॅटिन ‘मानेरे’ म्हणजे राहणे, मुक्काम करणे. ‘पेर्’ म्हणजे आरपार, शेवटपर्यंत. जो शेवटपर्यंत जागेवर राहिला तो ‘पर्मनंट’. ‘रिमेन’ आणि ‘मॅन्शन’ हे त्याचेच नातलग. रोमन काळी ‘मॅन्सिओ’ म्हणजे हमरस्त्यावरची मुक्कामाची जागा, धर्मशाळाच म्हणा ना! प्रवाशाच्या एका रात्रीच्या मुक्कामाचा शब्द पुढे श्रीमंतांच्या वाड्याला मिळाला, आणि मुंबईत तो भाडेकरूंनी गजबजलेल्या इमारतींच्या कपाळी लिहिला गेला.

ह्यावरून ‘पर्मनंट’मध्ये अनंतकाळाची कल्पना मुळीच नाही, हे ध्यानात येईल. त्याच्या विरुद्ध बाजूला ‘टेंपररी’ उभा आहे, आणि त्या विरोधातच त्याला अर्थ आहे. रेल्वेचे रूळ, त्यांखालील स्लीपर व खडी ह्या सर्वांना मिळून रेल्वेत ‘पर्मनंट वे’ असे नाव आहे. बांधकाम चालू असताना माती व सामान वाहण्यासाठी तात्पुरते रूळ टाकीत, त्यांच्याहून निराळा तो पक्का मार्ग. पुढे स्लीपर बदलतात, रूळ बदलतात, खडी नवी पडते. तरी नाव ‘पर्मनंट वे’ असेच. शिक्षकांच्या खोलीत ‘आपण पर्मनंट झालात का?’ असा प्रश्न विचारला जातो तेव्हाही विचारणाऱ्याच्या मनात अमरत्व नसते, निवृत्तीचे वय असते. वर्षानुवर्षे तासिकांवर शिकविणाऱ्या आणि दर जूनमध्ये नव्याने नेमणुकीची वाट पाहणाऱ्या माणसाला ह्या एका शब्दाची किंमत जेवढी कळते, तेवढी कोणत्याही कोशाला कळणार नाही. इंग्रजीत ह्या अर्थाचे दहा भारदस्त शब्द असतील, पण त्याच्या घरातील चूल ह्याच एका शब्दावर अवलंबून असते.

राज्यकर्त्यांनीही हा शब्द मोठ्या विश्वासाने वापरला. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमध्ये जमीनमहसुलाची जी व्यवस्था कायम केली तिचे नाव ‘पर्मनंट सेटलमेंट’. आपण तिला कायमधारा म्हणतो. जमीनदाराने सरकारला द्यावयाची रक्कम त्यात सर्वकाळासाठी ठरली होती. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात जमीनदारीनिर्मूलनाचे कायदे झाले आणि ही ‘पर्मनंट’ व्यवस्था सुमारे एकशे साठ वर्षांनी निकालात निघाली.

येथे ‘कायम’ हा शब्द आला, तेव्हा दोन शब्द त्याच्याविषयीही. तो अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ ‘उभा असलेला’ असा आहे. आपल्या नगरपालिकेत स्थायी समिती असते. ‘स्थायी’ हा संस्कृत ‘स्था’ म्हणजे उभे राहणे ह्या धातूचा. इंग्रजीत तिला ‘स्टँडिंग कमिटी’ म्हणतात, म्हणजे पुन्हा उभी असलेली. ‘स्टँड’ आणि ‘स्था’ हे तर एकाच मूळ धातूचे. ‘स्टेबल’, ‘कॉन्स्टंट’, ‘स्थिर’, ‘स्थावर’ ही सगळी त्यांचीच भावंडे. अरबी भाषेचे कूळ ह्यांच्याहून अगदी निराळे, पण तिलाही हेच सुचले की जे आडवे झाले नाही ते टिकले. समिती मात्र सभेत बसलेली असते, ही गोष्ट निराळी.

‘पर्पेच्युअल’ हा शब्द ‘पर्मनंट’पेक्षा एक पायरी वरचा. त्यात खंड न पडता चालत राहण्याची कल्पना आहे. कायद्याला व सावकारीला हा शब्द फार प्रिय. आपल्याकडील ताम्रपटांत दान देताना ‘आचंद्रार्क’ असे लिहीत, म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. त्याच जागी इंग्रज वकील ‘इन पर्पेच्युइटी’ असे लिहितो. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँगचे बेट चीनने ब्रिटनच्या राणीला आणि तिच्या वारसांना ह्याच शब्दांनी दिले होते. पुढे १८९८ मध्ये त्यालगतचा आणखी मुलूख ब्रिटनने नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतला. हिशेब करून पाहा: ज्याला मुदत होती तो मुलूख, आणि जे निरंतरचे होते ते बेट, दोन्ही १ जुलै १९९७ ह्या एकाच दिवशी परत गेली. मुदतीच्या मुलुखाने निरंतरच्या बेटालाही आपल्याबरोबर ओढून नेले, कारण पाणी आणि माणसे ह्यांच्या बाबतीत एकाचे दुसऱ्यावाचून चालण्यासारखे नव्हते.

ह्याच्या उलटही घडते. हॉलंडमध्ये लेक नदीचे बांध सांभाळणाऱ्या एका मंडळाने १६४८ मध्ये कर्ज उभारण्यासाठी चामड्यावर लिहिलेले रोखे दिले. मुद्दल परत करण्याची मुदत नाही. व्याज मात्र निरंतर. त्यांपैकी एक रोखा २००३ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाने आपल्या ग्रंथसंग्रहासाठी घेतला, आणि २०१५ मध्ये विद्यापीठाने बारा वर्षांचे थकलेले व्याज वसूल केले. ते १३६ युरोंच्या आसपास भरले. मूळ मंडळ आता राहिलेले नाही; त्याच्या जागी आलेल्या संस्थेने ते दिले. कोठे ब्रिटिश साम्राज्य आणि कोठे नदीचा बांध राखणारे एक स्थानिक मंडळ! इंग्लंडनेही अठराव्या शतकापासून असे बिनमुदतीचे सरकारी रोखे काढले होते, पण २०१५ मध्ये त्यांतील उरलेसुरले रोखे मुद्दल देऊन मिटविण्यात आले.

‘पेरेनियल’विषयी फार बोलण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे त्याला तंतोतंत प्रतिशब्द आहे. ‘पेर्’ म्हणजे आरपार, ‘आन्नुस’ म्हणजे वर्ष; वर्षभर टिकणारे ते ‘पेरेनियल’. म्हणजे आपले बारमाही. नदी बारमाही, विहिरीचे पाणी बारमाही. वनस्पतिशास्त्राने मात्र हा शब्द ताणून अनेक वर्षे जगणाऱ्या झाडांना लावला. दम्याला तो का लावू नये, हे आता सांगावयास नको. दम्यासाठी दुसरा शब्द आहे.

तो शब्द ‘क्रॉनिक’. ह्याच्या बाबतीत मला थोडे थांबावेसे वाटते, कारण येथे चूक झाली तर ती वहीतल्या तांबड्या रेघेवर भागत नाही. ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. वैद्यकात ‘क्रॉनिक’ म्हणजे पुष्कळ काळ चालणारा, आणि त्याच्या उलट ‘अक्यूट’ म्हणजे टोकदार, अचानक उठलेला व तीव्र. आपल्या वैद्यांची जीर्ण ही संज्ञा, किंवा घरातला जुनाट हा शब्द, ‘क्रॉनिक’ला नेमका जुळतो. रोग किती भयंकर आहे हे हा शब्द सांगतच नाही; तो किती दिवसांचा सोबती आहे एवढेच सांगतो. परंतु इंग्लंडातील सामान्य लोकांच्या बोलीत ‘क्रॉनिक’चा अर्थ ‘फार वाईट’ असा होऊन बसला, आणि आपल्याकडेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो शब्द पाहून कित्येकांचा धीर सुटतो. एका विद्यार्थ्याची आई अशी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली होती. मुलगा आता हाताशी राहणार नाही असेच ती समजून चालली होती. चिठ्ठीत कानाच्या जुनाट विकाराचा उल्लेख होता. तिला मी ‘जुनाट’ असे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, मग हे मराठीत लिहायला ह्यांना काय झालं होतं?” मला उत्तर देता आले नाही. औषध बरेच दिवस घ्यावे लागेल, मध्येच सोडता येणार नाही, हा त्या शब्दाचा खरा निरोप. तो न कळल्यामुळे कोणी खचून जातो, तर कोणी चार दिवस बरे वाटताच बाटली कपाटात ठेवून देतो.

सवयीच्या बाबतीत जुनाट म्हणावयाचे तर इंग्रजीत ‘इन्व्हेटरेट’ म्हणतात. आपल्या मुरलेल्याशी त्याचे चांगले जमते. लॅटिन ‘वेतुस’ म्हणजे जुना. ‘व्हेटरन’ म्हणजे मुरलेला शिपाई, तोही ह्याच घरचा. आणि ह्या ‘वेतुस’चे मूळ शोधीत गेले म्हणजे वर्ष ह्या अर्थाचा एक प्राचीन शब्द सापडतो, ज्याच्यापासून संस्कृतातील ‘वत्सर’ आणि ‘संवत्सर’ निघाले. त्याच मुळाचा ‘वत्स’ म्हणजे मूळचे वर्षाचे पिल्लू. ‘वत्सरूप’ झिजून आपले वासरू झाले. म्हणजे पाठीवर शेकडो लढायांचे वण घेतलेला ‘व्हेटरन’ आणि गोठ्यात उड्या मारणारे वासरू, दोघेही वर्षाचेच लेकरू. एकाने वर्षे मोजली, दुसऱ्याचे अजून एकच भरले आहे.

‘इटर्नल’कडे आता येऊ. लॅटिन ‘आएवुम’ म्हणजे युग, आयुष्य. त्यावरून ‘आएतेर्नुस’ व पुढे ‘इटर्नल’. ह्या ‘आएवुम’चा सख्खा भाऊ संस्कृतात ‘आयुस्’ हा आहे, आणि ग्रीकमध्ये ‘आयोन’, ज्याचे इंग्रजीत ‘ईऑन’ झाले. ‘लाँजेव्हिटी’ म्हणजे दीर्घायुष्य, ह्यातही तोच ‘आएवुम’ दडलेला आहे. अनंताचा हा शब्द मुळात जगण्याचा शब्द आहे, आणि म्हणून तो चपलेला लावता येत नाही.

सहाव्या शतकात बोएथियस नावाचा रोमन विद्वान मृत्युदंडाची वाट पाहत तुरुंगात असताना ह्या शब्दावर विचार करीत होता. त्याने एक भेद केला तो आजही विद्वान मानतात. जे काळातून अखंड चालत राहते, ज्याचे काल निघून गेले आहे आणि उद्या यावयाचे आहे, ते कितीही लांबले तरी ‘पर्पेच्युअल’ एवढेच. ‘इटर्नल’ ते, ज्याला काल आणि उद्या नाहीतच. ज्याचे संपूर्ण जीवन एकाच वेळी त्याच्या हाती आहे. पहिले म्हणजे न संपणारी वाट. दुसऱ्याला वाटच नाही. आम्हा कॅथलिक लोकांच्या कानांवर हे दोन्ही शब्द लहानपणापासून पडत आलेले आहेत. मृतांसाठी जी जुनी लॅटिन प्रार्थना आहे तिच्यात मृताच्या विश्रांतीला ‘इटर्नल’चे मूळ विशेषण आहे आणि त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाला ‘पर्पेच्युअल’चे. मार्गदर्शिकेतली एक ओळ ज्यांना स्वल्पविरामाने जोडते, ते दोन शब्द त्या प्रार्थनेत जागा अदलाबदल करीत नाहीत. आपल्याकडेही सनातन, नित्य आणि चिरंतन ह्यांत असाच सूक्ष्म भेद आहे. ‘सनातन’मध्ये जुनेपणाचा ‘सन’ आहे, आणि रोमच्या वृद्धांच्या सभेला ‘सिनेट’ हे नाव ज्यावरून पडले तो ‘सेनेक्स’ त्याचाच चुलतभाऊ. आपल्या घरच्या चिरंजीवांना पत्रात ‘चि.’ लिहिताना ह्यांतले किती आठवते, ते ज्याचे त्याने पाहावे.

एक शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो दीर्घकाळाचा शब्द आहे असे कोणाला वाटतच नाही. तो ‘सेक्युलर’. लॅटिन ‘साएकुलुम’ म्हणजे एक पिढी, माणसाच्या आयुष्याची कमाल मर्यादा, आणि पुढे शंभर वर्षांचे शतक. फ्रेंचांचा ‘सिएक्ल’ आणि गोव्यातील श्रोत्यांना परिचित असलेला पोर्तुगीज ‘सेकुलु’ हे त्याचेच वंशज. रोममध्ये प्रत्येक ‘साएकुलुम’च्या शेवटी मोठा उत्सव होई. कोणी जिवंत माणसाने पूर्वी पाहिला नाही आणि पुन्हा पाहणार नाही असा हा उत्सव, अशी दवंडी त्या वेळी पिटीत. ऑगस्टसने तो इसवी सनापूर्वी १७ मध्ये केला. पुढे सम्राट क्लॉडियसने वर्षांचा हिशेब निराळा धरून इसवी सन ४७ मध्येच तो पुन्हा केला, तेव्हा दवंडी ऐकून लोक हसू लागले. कारण मागचा उत्सव डोळ्यांनी पाहिलेली माणसे अजून हयात होती. त्या वेळी नाचलेले काही नटही पुन्हा रंगभूमीवर आले, असे इतिहासकार स्वेटोनियस सांगतो.

चर्चच्या भाषेत ‘साएकुलुम’ म्हणजे हे चालू युग, हा संसार. मठात राहणारे धर्मगुरू निराळे आणि संसारी लोकांत राहणारे ‘सेक्युलर’ धर्मगुरू निराळे. तेव्हा ‘सेक्युलर पाद्री’ ह्या शब्दप्रयोगात कसलीही विसंगती नाही. ह्या वाटेने तो शब्द ‘ऐहिक’ झाला. १८५१ मध्ये होलिओक ह्या इंग्रज सुधारकाने त्यावरून आपल्या विचारप्रणालीचे नाव बनविले, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत येऊन बसला. मराठीत आपण धर्मनिरपेक्ष म्हणतो. परंतु शास्त्रांत त्याचा जुना अर्थ अजून जिवंत आहे. चंद्राच्या गतीत शतकानुशतके साचत जाणारा जो बारीक फरक १६९५ मध्ये हॅलेच्या ध्यानात आला, त्याला ज्योतिषी ‘सेक्युलर’ म्हणतात. अर्थशास्त्रज्ञ हॅन्सन ह्याने १९३८ मध्ये दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या मंदगतीला ‘सेक्युलर’ हेच विशेषण लावले. ह्या ठिकाणी कोशाचे एकच पान पाहून ‘धर्मनिरपेक्ष मंदी’ असे भाषांतर करणारा मनुष्य निघणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही.

वेळ थोडा उरला आहे, तेवढ्यात ‘इंडेलिबल’ हा शब्द सांगून टाकतो. लॅटिन ‘देलेरे’ म्हणजे पुसून टाकणे. जे पुसता येत नाही ते ‘इंडेलिबल’. बाप्तिस्म्याने आत्म्यावर उमटणाऱ्या खुणेला आमच्या धर्मशास्त्रात हेच विशेषण आहे, आणि मतदाराच्या डाव्या तर्जनीवर ओढल्या जाणाऱ्या शाईलाही हेच. ती शाई म्हैसूरच्या सरकारी रंगाच्या कारखान्यात तयार होते आणि १९६२ च्या निवडणुकीपासून ती देशभर वापरली जाते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते. कातडीवरील क्षाराशी त्याचा संयोग झाला की साबण, तेल, लिंबू, कशालाही तो डाग दाद देत नाही. कातडीवरचा डाग काही दिवसांत फिका होतो, नखावरचा अधिक टिकतो. नख वाढेल तसतशी ती काळी रेघ टोकाकडे सरकत जाते, आणि दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी सकाळी नखे काढताना ती कापली जाते.